सही जुळत नाही

बुर्सा. कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांपाशी
माझं टेबल, घडीची खुर्ची, अर्ज लिहून देण्याचा टाइपरायटर,
ज्याचं एक अक्षर गेल्या हिवाळ्यात तुटलं.
तुर्कीतलं मुकं अक्षर ते, डोक्यावर चंद्र असलेलं 'ग'.
त्याला स्वतःचा आवाज नाही,
आधीच्या स्वराला थोडं लांबवतं, एवढंच.
ती जागा मी पेनानं भरते.

तुंजाय आला तेव्हा चेस्टनटवाला कोळसे फुंकत होता.
उजवा हात खिशातच.
डाव्यानं कागद पुढे केला:
'अर्ज परत. सही जुळत नाही.'

कशी जुळेल?
बँकेतली सही तेव्हाची,
जेव्हा तर्जनी होती, मधलं बोट होतं, अनामिका होती.
मग त्यानं हात बाहेर काढून दाखवला.
अंगठा आणि करंगळी.
"फोन करतोय अशी खूण करतात ना, तशी,
सारखा कुणाला तरी फोन लावून बसलोय,
आणि पलीकडून कुणी उचलत नाही."

मी विचारते, तो सांगतो, मी ठोकत जाते.
ऐंशी टनी प्रेस. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या.
बटणं दोन, कारण हात दोन;
दोन्ही दाबल्याशिवाय ठोका पडत नाही.
पण पाळीला चार हजार नग हवेत,
म्हणून उस्तानं उजव्या बटणावर चिकटपट्टी मारली, निळी,
आणि उजवा हात मोकळा केला
पत्रा सरकवायला.

'उजवा' लिहायला नेमकं तेच मोडकं अक्षर लागतं.
आमच्याकडे 'जिवंत'लाही तोच शब्द.
दर दोन ओळींना थांबते, पेन उचलते.

रुग्णवाहिका यायच्या आत चिकटपट्टी निघाली.
अहवालात आलं: कामगाराचा हलगर्जीपणा.
कंपनीचा माणूस इस्पितळात बकलावा घेऊन आला,
डब्याखाली छापील कागद: माझी काही तक्रार नाही.
आणि शाईचं पॅड. अंगठा तेवढा शाबूत होता ना.
तुंजायनं मूठ मिटली,
म्हणजे मिटायला गेला.

वैद्यकीय मंडळानं बोटागणिक टक्के मांडले,
बेरीज केली, अडतीस.
"हातचा धरला का?" माझ्या तोंडून निघून गेलं.
तो हसला नाही. मीही नाही.

साक्षीदार?
शेजारच्या प्रेसवरचा पोरगा, अलेप्पोचा,
सतरा वर्षांचा, हजेरीपटावर नसलेला.
चिकटपट्टी सोलायला त्यालाच लावलं होतं.
काल रात्री तो तुंजायच्या उंबऱ्यावर
एक चुरगळलेला निळा बोळा ठेवून गेला.
नाव घालू नका म्हणाला, हद्दपार करतील.
'साक्षीदार' टाइप करून मी पुढची जागा सोडली.
न्यायालयाला कोरी जागा आवडत नाही,
ठाऊक आहे मला.

आता सही.
अर्जाच्या तळाशी मी दोन चौकोन आखले.
एकात जुन्या सहीची नक्कल चिकटवली:
पहिल्या अक्षराला तिरपा फाटा, शेवटी ऐटीत ओढलेली शेपूट,
कुणी विशीतल्या पोरानं आरशासमोर सराव करून ठरवावी तशी.
दुसरा चौकोन त्याच्यापुढे सरकवला.
जीभ दातांत धरून तो डाव्या हातानं लिहू लागला.
नाव ओळीवरून घसरलं, परत चढलं,
चौकोनाबाहेर गेलं.
"दुसरा कागद?"
नको म्हटलं. हाच.
खाली टाइप केलं:
'सही जुळत नाही. अर्जाचं कारण हेच आहे.'

पाकीट तो अजून उजव्या खिशात ठेवतो.
डाव्या हातानं ते निघायला बराच वेळ लागला.
मी कागदांना टाचण्या लावत राहिले,
लावलेल्या काढून पुन्हा लावल्या.

तो पायऱ्या उतरला.
चेस्टनटवाल्यानं, काही न विचारता, एक पुढे केलं, गरम.
त्यानं ते घेतलं,
अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत,
आणि सोलायचं कसं ते बघत
तिथंच उभा राहिला.