हातचा

डेन्मार्कहून पानं येतात, फोटो काढलेली.
बिर्गिटे सोबत एखादी ओळ लिहिते:
शाई फिकी आहे, उजेड वाढवून बघ.
सेंट क्रॉय बेटावर, माझ्या स्वयंपाकघरात,
मी उजेड वाढवते.

सतराशे त्रेपन्न, मार्च.
मळ्याच्या कारकुनाचं अक्षर काटेरी,
एकेक ओळ लागायला रात्र जाते.
मथळा: नुकसान.
होडी एक, नाव मार्गरेथा, डांबर नवं.
शीड एक, ठिगळाचं. वल्ही चार.
पाण्याचं पिंप.
आणि ओळीच्या शेवटी, जागा उरली म्हणून जणू,
माणसं सात.

होडीला नाव होतं.

तीन वर्षं मी त्या सातांच्या मागावर आहे.
(मागावर, हे लिहिताना हात अडखळतो.
माझ्याआधी मागावर होते
त्यांच्याकडे कुत्री होती.)

हवा स्वच्छ असली की टेकडीवरून
पोर्तो रिकोची बाजू दिसते, पुसट रेघ.
तिथल्या एका चर्चच्या वहीत
दोन्या एरमेलिंडाने बोट ठेवलं:
एप्रिलचा शेवटचा रविवार. डेन लोकांच्या बेटावरून आलेले.
हुआन, आंद्रेस, पुन्हा हुआन, तोमासा...
पाद्र्याने हाताला येतील ती नावं वाटलेली.
"मोज," ती म्हणाली. सात भरले.
तिने कॉफी केली. आम्ही दोघी उगाच हसत होतो.

घरी परतल्यावर, भांडी घासताना,
सातव्या नावापुढचं आठवलं:
अंगावर पिणारी. वय बारा दिवस.

म्हणजे उतरले सहाच.
म्हणजे एक समुद्रात,
किंवा ऐन वेळी होडीत चढायला कचरलेलं,
किंवा डोक्यावर ते पाणी घेणार नाही म्हणत
किनाऱ्यावरूनच रानात शिरलेलं.

शाळेत मिस पेनीस्टन सांगायच्या,
हातचा बाजूला लिहा, नाहीतर विसराल.
मी समासात लिहिलाय. एक.
पेन्सिलीने.

बिर्गिटेला कळवलं: हिशोब जुळत नाही,
मळ्याची मे महिन्याची पानं पाठव,
धरून आणलेल्यांची यादी असेल.

काल पाठवलीत तिने.
अजून उघडली नाहीत.
आयुष्य शोधण्यात गेलं माझं,
आणि आता वाटतं,
कुणी सापडू नये.