सोबत जोडलेल्या यादीप्रमाणे

कागद गुळगुळीत हाये, लग्नपत्रिकेचा असते तसा.
वरतं शाळेचं चिन्ह, उगवता सूर्य,
खाली इंग्रजीत वीस ओळी अन् मराठीत एकच:
'यादीतील मॉडेलच ग्राह्य धरले जाईल.'
ग्राह्य.
म्या प्रणोतीले इचारलं, ग्राह्य म्हंजे काय वं?
ते म्हणे, बाबा, घेतलं तर ग्राह्य.

माहं दुकान दर्यापूरच्या अलीकडच्या फाट्यावर,
पंक्चरवाल्याच्या बाजूनं.
मिक्सर, मोटरीचा स्टार्टर, मोबाईलची काच,
गणपतीत मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर.
बंद पडते ते माह्याकडं येते,
अन् नाई म्हणाची मले सवय नाई.

तिच्यासाठी म्या एक जुळवला व्हता.
बॉडी अकोल्याच्या भंगारातली, बँकेनं फेकलेली.
स्क्रीन एका दातांच्या डॉक्टरची.
रॅम नवी, तिचं बिल हाये.
कीबोर्डचं एक बटन पिवळं, बाकी काळे.
चालू व्हाले बावीस सेकंद, म्या मोजले.
पोरगी पहिल्या रात्री त्याले उशाशी घेऊन झोपली.

शाळेत संगणकाचे सर, पोरगाच हाये उलसा,
त्यानं टरबूज वाजवून पाहावं तसा पायला.
म्हणे, काका, चांगला जुळवला हो. पण यादीत नाई.
म्या म्हटलं, यादीत जे लिवलं ते सारं याच्यात हाये.
हाये, तो म्हणे. पण नाव नाई.
अन् खिडकीबाहेर पाहून राह्यला.
त्याचा बी पगार त्याच इमारतीतून येते.

दुकान ठरलेलं, अमरावतीले, एकच.
किंमत ठरलेली.
बॅग फुकट, बॅगवर शाळेचं नाव.
रंजूनं हिशेब केला बोटावर, मंग कॅलेंडरच्या मागं,
मंग म्हणे, गाडी विकली तर?
गाडी म्हंजे जिच्यावर म्या सामान आणतो.
ते कणिक मळून राह्यली व्हती,
मळतच राह्यली.

काल संध्याकाळी, शटर अर्धं पडलं असताना,
ग्रामसेवक बोबड्यांचा पोरगा आला, बॅग पोटाशी धरून.
तेच मॉडेल. चार महिन्यांचं.
काका, चार्ज नाई होऊन राह्यला.
कंपनीचं सेंटर नागपूरले, ते म्हणतात वीस दिवस,
सोमवारी परीक्षा हाये.
सील तोडलं तर वॉरंटी जाते,
पण बाबा म्हणे तुमच्याकडंच ने.
कोणाले सांगू नका.

म्या तोच गुळगुळीत कागद टेबलावर पसरला.
स्क्रू जिथून निघाला तिथं गोल करून ठेवा लागते,
नाईतर लांबका आखूड जागी बसते अन् बोर्ड फोडते.
सूर्यावर पहिला.
'पालकांस कळविण्यात येते' वर दोन.
'ग्राह्य' वर एक, बारीक, काळा.

झाकण उघडलं.
तीच रॅम. तोच हिरवा बोर्ड.
पंख्यात कापसाचे तंतू,
जिनिंग सुरू झालं का इथं साऱ्याच पंख्यात अडकतात ते.
पिन हलली व्हती. डाग दिला. दिवा लागला.

प्रणोती टॉर्च धरून उभी.
तिनं आत पायलं, मंग माह्याकडं.
मंग म्हणे, बाबा, याचं झाकण
येईन का अकोल्याच्या भंगारात?
येईन म्हटलं. दोनक वर्षांत.
मी दहावीत असन तवा, ते म्हणे,
अन् टॉर्च या हातातून त्या हातात घेतला.

पोट्ट्याकडून साठ रुपये घेतले.
स्क्रू एकेक करून परत गेले,
सूर्यावरचा, पालकांवरचे,
कागदावर गोल रिकामे.
एक उरला.
एक उरतेच, धंद्यातला कोणीबी सांगन.
पण हा याच्यातला
का तिच्या मशीनीतला,
जे बाजूलेच उघडी पडली व्हती,
म्या दोन्हीकडं लावून पायला.
दोन्हीकडं बसला.