झोन चार

गुरुवारी जाते तशी लाईट गेली, संध्याकाळी आली.
तेव्हापासून पॅनेल मिनिटाला एकदा
पिप् करतं.
मोठ्यानं नाही. पंगतीत उचकी लागावी
आणि माणसानं ती दाबून धरावी, तसं.

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं:
ट्रबल. लो बॅटरी.
मग माहितीपुस्तिका शोधली. ती रद्दीत गेली होती.
कोणी घातली, यावर अर्धा तास.
पिप्.

आधी खोक्यातली मोठी बॅटरी बदलली मी,
तपकीर गल्लीतून आणलेली, बारा व्होल्टची,
पिशवीचा बंद तुटेल इतकी जड.
लाल वायर लालला, काळी काळीला.
विजेचा दिवा हिरवा. ट्रबलचा पिवळा तसाच.
मग एक हॉल, दोन बाल्कनी, तीन स्वयंपाकघर,
फटीत नाणं घालून झाकणं उघडली, सेल बदलले.
पिप्.

अझीम तांबोळी फोनवर म्हणाला,
काकू, चार नंबर कुठंय?

चार.
सहकारनगर, तिसरा मजला, शेजारचे दोन फ्लॅट,
दोन भाऊ, मधली भिंत फोडून काढलेलं एक दार.
पार्किंगवरून सुरू झालं,
सासूबाईंच्या औषधांच्या बिलांवर येऊन संपलं.
आमच्या बाजूनं चार इंची वीट चढली.
दार त्यांच्याकडे राहिलं, फळ्या मारून त्याचं कपाट झालं.
चौकटीवरचा सेन्सर कोणाच्याच लक्षात आला नाही.

माझ्या आला होता.

ते कपाट उघडलं की आमचं पॅनेल टिंग करायचं.
आवाज बंद करता येतो. बटण मला माहीत होतं.
गावाला जाताना अलार्म मीच लावायचे, चार वगळून.
सकाळी सहा दहा, टिंग: चहाची पूड.
दुपारी चारला पुन्हा.
रात्री अडीचला, मग साडेतीनला टिंग झालं, की
भावजींचे गुडघे.
दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी दिसले तर
मी त्यांच्या चपलांकडे बघायचे,
दोन्ही उचलतात ना, एवढंच.
चार वर्षं.
हे कधी काही म्हणाले नाहीत. कमी ऐकू येतं, असं सांगतात.

अझीम म्हणाला, डिलीट करू का चार?
तुम्ही बटणं दाबा, मी सांगतो. पाच मिनिटं.
म्हटलं, नको रे.
विटांनाही ते जमलं नव्हतं.

त्यानं जुन्या नोंदी बघायला शिकवलं.
झोन चार, शेवटचं उघडलं: गुरुवार, पहाटे दोन चोपन्न.
पुढे काही नाही.
शुक्रवार नाही, शनिवार नाही.
बॅटरीच असणार. बॅटरीच.
पदराला हात पुसले, सेल घेतला, नाणं घेतलं,
आणि चप्पल न घालताच निघाले.

बेल नवीन होती.
शैलजानं दार उघडलं. काय?
बॅटरी, म्हटलं.
ती बाजूला झाली.
भावजी खुर्चीत, पाय स्टुलावर.
ये, असं ते पेपरला म्हणाले.

कपाटात चहाचा डबा, हिंग,
गरम पाण्याची रबरी पिशवी.
चौकटीवर सेन्सर, हळदीच्या बोटांनी पिवळा पडलेला.
पण धूळ नव्हती त्याच्यावर.

वाजतं का गं अजून तुमच्याकडे?
वाजतं.
मी रात्री दार हळू लावायचे, ती म्हणाली.
लोहचुंबकाला हळू-जोरात कळत नाही,
हे मी तिला सांगितलं नाही.

सेल बसवला. उघड, म्हटलं. मीट. परत उघड.
तेवढ्यात भिंतीपलीकडून ह्यांचा आवाज,
कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा,
वाजलं!
भावजींनी पेपर खाली केला.
कोणीच काही बोललं नाही. मग तेच म्हणाले,
भिंतीला,
बरं.

सेल तीनशे चाळीसचा.
शैलजानं एकशेसत्तर मोजून माझ्या हातात ठेवले.
मी घेतले.