नाव सांग, गाव सांग

मी शाहदाद. बस माझी नाही, मालकाची.
पण चैत्रातल्या तीन रात्री ती नानीची असते.
उमरकोटला थरपारकरची माणसं भरतो, टपावर पिठाची पोती,
कराची मागे पडली की डाव्या हाताला समुद्र,
उजवीकडे वाऱ्याने खाल्लेले डोंगर,
कुणी कोरता कोरता मध्येच उठून गेल्यासारखे.

आम्ही बलोच तिला नानी म्हणतो.
माझी आई सांडणीच्या दुधाची पहिली धार
तिच्या नावाने वाळूत सोडायची
आणि मग नमाजाला उभी राहायची.
कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आधी चंद्रगुप. चिखलाचा डोंगर,
माथ्यावर राखाडी, खदखदणारं तोंड.
रात्री पायथ्याशी सगळ्यांच्या पिठाचा एकच रोट भाजतात,
माझ्या बसच्या चाकाएवढा.
पहाटे वर छडीदार खेमो उभा असतो,
एकेकाला विचारतो :
नाव सांग. गाव सांग. आता ते सांग.
'ते' म्हणजे काय, हे कुणालाच विचारावं लागत नाही.
बुडबुडा आला की परवानगी.
नारळ टाकायचा, बाजूला व्हायचं.

धेलीबाईचे गुडघे गेलेले. मी हात धरून चढवलं,
नाहीतर ड्रायव्हरचं वर काय काम?

"धेली. खोटं बोलले," ती म्हणाली,
"दुष्काळात. दोर तुटलाय म्हणाले."
चिखल गप्प.
खेमोने छडी या हातातून त्या हातात घेतली. "आणखी?"
"तळाला चार पोहरे पाणी होतं. चारही मीच काढले."
चिखल गप्प.
रांगेत एक पोरगं खोकलं.
वारा असा, की तिच्या ओढणीचं टोक माझ्या तोंडावर येत होतं.

मग खेमो बोलला, ओरडून नाही, घरात बोलावं तसा :
"हिंगोल राक्षस होता. माणसं गिळायचा.
आई त्याच्या मागोमाग गुहेत शिरली.
मरताना म्हणाला, जीव घे, फक्त नाव राहू दे.
आई विचारात पडली.
मग ते नाव तिने स्वतःलाच लावून घेतलं. हिंगलाज.
जो आपल्या हातून मेला, त्याचं नाव ती अजून वागवते.
तू कुणाचं घ्यायचं राहिलीस?"

धेलीबाईने आधी पदराने तोंड पुसलं. दोनदा.
"वालो.
दहा महिन्यांचा. माझ्या जावेचा, हुरमीचा.
दुसरी विहीर चार कोस होती."

बावीस वर्षांत त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं,
हे मला नंतर कळलं.

बुडबुडा आला का?
लोक म्हणतात आला, चांगला नारळाएवढा.
मी पाहिला नाही. मी मागे बघत होतो.
रांगेतली तिसरी बाई,
जी वाटभर धेलीबाईला
खारकेची बी काढून एकेक फोड देत होती,
ती पुढे आली.
म्हणाली, "दोर ओला होता.
मला तेव्हाच दिसला होता."

धेलीबाईच्या हातातला नारळ घरंगळत केव्हाच उताराला लागलेला.
हुरमीने स्वतःचा तिच्या ओंजळीत ठेवला.
मग तिची पाळी.
"नाव सांग. गाव सांग."
"हुरमी. गाव तेच."
"आणि ते?"
ते ती इतक्या हळू बोलली
की फक्त चिखलाला ऐकू गेलं.

दुपारी हिंगोल नदीत सगळे न्हाले,
गुहेखालच्या बोगद्यातून रांगत गेले.
दोघी एकीमागून एक गेल्या म्हणतात,
पुढे कोण, मागे कोण, ठाऊक नाही.
मी खाली होतो, इंजिन तापलेलं,
रेडिएटरमध्ये कॅन उपडा करत होतो.
धेलीबाई येऊन उभी राहिली, केस ओले.
"अरे, सगळं नको ओतूस," म्हणाली.
"वाटेत कुणी भेटलं तर?"

कॅनमध्ये बोटभर पाणी उरलं होतं.
मी झाकण लावलं.
कराचीपर्यंत कुणी भेटलं नाही.
पण ते पाणी सीटखाली
डुचमळताना ऐकू येत होतं.