रात्रभराचं तेल

एप्रिलात सारेमा बेटावरचा बर्फ जातो,
मीठ मात्र मागे राहतं:
खिडकीच्या कडीत, सायकलच्या घंटीत,
आणि ऐवारच्या साइडकारवाल्या मोटरसायकलीत,
जिचा क्लच ओढला की
म्हातारी लाइने कुंपणापलीकडून विचारते,
"कोंबडी कापतेस का गं?"

ऐवार फिनलंडात, दुसऱ्यांच्या छपरांवर पत्रे ठोकतो.
तीन आठवड्यांनी चार दिवस घरी.
त्यातला एक झोपेत, एक सौनात,
उरलेले दोन आम्ही एकमेकांना जपून धरतो
गंजलेल्या नटासारखं.
जोर लावला तर आटेच जायचे.

फोनवर म्हणाला, ग्रीस शेडमध्ये आहे,
वरच्या फळीवर, हिरव्या डब्यात.
माहीत आहे. मीच ठेवलंय.

आधी चेन.
क्लिप निघाली ती उडालीच.
अर्धा तास रांगले अंगणात,
कोंबड्यांना वाटलं दाणे शोधतेय,
त्याही आल्या मदतीला.
मग रॉकेलमध्ये घासून काढली,
आणि जामच्या जुन्या पातेल्यात
ग्राफाइटचं काळं ग्रीस मंद आचेवर वितळलं
त्यात वेटोळं करून सोडली.
एकेका रोलरमधून बुडबुडे येत राहिले,
आत कोंडलेली हवा,
कुठल्या सालची कोण जाणे.
तारेनं उचलून सफरचंदाच्या फांदीला टांगली,
लांब, काळी, निथळणारी,
धुरी दिलेल्या वाम माशासारखी.
लाइनेचं मांजर येऊन हुंगून गेलं,
फसवणूक झाल्यासारखं.

क्लिप परत बसवताना
तिचं बंद तोंड चाक धावतं त्या दिशेला.
हे मला बाबांनी शिकवलं. ऐवारला मी.
तो हे विसरला आहे.

स्टँडच्या खिळीला थेंब, पेडलच्या बिजागरीला थेंब,
अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीत बोटभर ग्रीस,
आणि मग फडक्यानं पुसून घ्यायचं सगळं,
नाहीतर वंगणच धूळ गोळा करतं
आणि त्याचाच होतो कानस.
ब्रेकच्या ड्रममध्ये मात्र तेलाचं बोट नको.
तिथे कोरडंच हवं.
थांबायचं असेल तर कुठेतरी
घासावंच लागतं.

राहता राहिली क्लचची केबल.
वरचं टोक सोडवलं,
दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून
त्याच्याभोवती दोऱ्यानं आवळला,
त्यात ओतलं चमचाभर पातळ तेल,
आणि खालच्या टोकाखाली गेल्या आठवड्याचं वर्तमानपत्र.
यापुढे माझ्या हातात काही नव्हतं.

रात्री अकराला फोन. झालं का?
चालू आहे, म्हटलं.
इतक्या रात्री? अंधारात?
हो. तेल चाललंय.
तो गप्प झाला. मीही.
त्याच्या बाजूला कुणाचातरी रेडिओ लागला होता,
माझ्या बाजूला समुद्र.
आमच्यापैकी कुणीच फोन ठेवला नाही,
बराच वेळ,
आणि शेडमध्ये वळ्यावळ्यांच्या तारेवरून
एक थेंब
वाटेतला गंज ओला करत
आपल्या सवडीनं उतरत होता.

सकाळी वर्तमानपत्रावर डाग.
हवामानाच्या रकान्यावर, नाण्याएवढा,
आधी तांबूस, कडेला स्वच्छ.
केबल जोडली. लिव्हर ओढली.
काहीच नाही. एका बोटानं.
कुंपणापलीकडून लाइने:
"आज कोंबडी नाही वाटतं?"

शुक्रवारी फेरी सहाला लागते.
मी न्यायला जाणार आहे गाडी घेऊन,
साइडकारमध्ये त्याचा कोट.
येताना तो म्हणेल, मी चालवतो.
दे म्हणेन. चावी देईन. सांगणार काहीच नाही.
आणि तो सवयीनं, खांद्यापासून सगळा जोर लावून,
दात आवळून
क्लच ओढेल.