बाहेरचा पहारा

जालन्यात रिक्षावाल्याला ‘लॉज’ सांगितलं
की तो स्टँडसमोरच्या लॉजवर नेऊन सोडतो.
भूतबंगला म्हणायचं. मग बरोबर येतो,
फाटकाच्या दहा पावलं अलीकडे थांबतो
आणि सुट्ट्यांसाठी वाद घालत नाही.

मी दाराबाहेरचा.
हातात तलवार, धार नसलेली.
आत सगळे भाऊ, बाहेर मी आणि डास.
एकतीस वर्षं, दर दुसऱ्या शनिवारी,
मी दार तीनदा ठोठावलं
आणि आतून तीनदा उत्तर आलं.
पोस्टातून रिटायर झालो, यातून नाही.

बायको विचारायची, तिथं करता तरी काय?
शपथ होती, सांगता यायचं नाही.
जेवतो, म्हणायचो.
ते खोटंही नव्हतं.
झुंबरलालचं बिनकांद्याचं ताट वेगळं,
पारखे डॉक्टरांकडचं मटण,
काझींच्या घरून डबल का मीठा, पितळी डब्यात.
नळाला बाराव्या दिवशी पाणी,
म्हणून काळ्यापांढऱ्या फरश्या
आम्ही एका बादलीत पुसायचो,
आणि पांढऱ्या कुणाच्या वाट्याला
यावरून भावाभावांत भांडण.

कमरुद्दीन काझींना सगळं पाठ.
मामा चौकात घड्याळं दुरुस्त करायचे,
इथं माणसं.
कुणी अडखळलं की पुढचा शब्द हळूच सरकवायचे,
शेजारच्या ताटात लिंबाची फोड सरकवावी तसा.
दाराच्या फटीतून शब्द कळायचा नाही मला,
सरकवणं ऐकू यायचं.

रात्री नऊला पेले उचलायचे,
गैरहजर भावांच्या नावानं.
पेल्यात मोसंबीचा रस.
वेळ काझींच्या मनगटावरची.

वैशाखात ते गेले.
पुस्तकात लिहिलंय,
भावाच्या कबरीत अकेशियाची डहाळी सोडावी.
ती पूर्वी हैदराबादेहून यायची, वाळलेली, पाकिटातून.
आता पाकीट पाठवणारंही कुणी उरलेलं नाही.
पारखे डॉक्टर जाडजूड डिक्शनरी घेऊन
फाटकाशी उभे राहिले,
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
आणि म्हणाले, अहो, ही तर बाभूळ.

कुंपणालाच होती.
माझी सायकल तिला टेकलेली असायची.
दोनदा पंक्चर केली होती तिनं.

कब्रस्तानात आम्ही मागं उभे राहिलो.
सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती दिली, आम्हीही.
माझ्या मुठीत मातीबरोबर डहाळी होती.
त्यांच्या मुलानं पाहिली.
काही बोलला नाही,
जरा बाजूला सरला, मला जागा केली.

काटा तळहातात मोडला.
रात्री बायकोनं सुईनं काढला,
दिव्यापाशी धरून,
आणि या वेळी काहीच विचारलं नाही.

लॉज उघडायला सात लागतात.
आम्ही सहा.
तरी दुसऱ्या शनिवारी जमतो,
बाहेरच्या पायरीवर बसतो.
तलवार आत खुंटीला.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मी सगळ्यांच्या शेजारी.

मिरगाच्या आधी भिंत बघायला
मुंजाजी गवंडी आला.
आतल्या चौरंगावरचा चांदीचा ओळंबा
त्यानं बोटावर तोलून पाहिला.
“शोभेचा हाय. ह्याला वजनच न्हाई.”
मग खिशातून आपला काढला,
लोखंडी, सुतळीला चार ठिकाणी गाठी,
आणि वरून सोडला.
आम्ही सहा म्हातारे माना वर करून
त्याचं हलणं थांबायची वाट बघत राहिलो.

दीड इंच कललेली होती भिंत.
“कवाधरनं?” मुंजाजीनं विचारलं.

कुणालाच पुढचा शब्द सुचेना.

बाहेर आलो तेव्हा नऊ वाजले असावेत.
सहा जणांच्या घड्याळांत सहा वेळा.
आम्ही अंदाजानं पेले उचलले.
सातवा भरलेला होताच, सवयीनं.
मुंजाजीला वाटलं, चहाऐवजी देतायत.
त्यानं तो उचलला,
एका घोटात संपवला,
आणि म्हणाला, उद्या वाळू लागंल.