बिघाडाचं कारण

पुलापर्यंत जीप. पुढे पाय.
नोर्फेल पुढे, त्याच्या पाठीवर नवा कंट्रोलर,
माझ्या पाठीवर पक्कड, टेस्टर, वायरचं भेंडोळं
आणि उजव्या गुडघ्यात एक जुनी कुरबुर
जी चढाला गप्प असते,
उताराला तोंड उघडते.

गोंपा पहिल्याच वळणावर दिसतो,
म्हणून कुणी समजू नये की आलाच.
तो दिसतो, मग कडा आडवा येतो,
मग तो परत दिसतो, तेवढाच लांब:
गुहेच्या तोंडाशी
एकाला एक चिकटलेल्या खोल्या,
चुन्याने पांढऱ्या, खिडक्यांना काळ्या चौकटी.
खालून वाटतं, कुणी शिंकलं तर सगळं नदीत.
इतक्या वर्षांत कुणी शिंकलंच नसेल
असं तर नाही.

तीन आठवड्यांपूर्वी न्येरपा थुबतानांचा फोन आला होता.
पंप बंद.
म्हटलं, उद्याच निघते.
'उद्या नको. पौर्णिमा होऊ दे.'
मला वाटलं पूजा असेल,
किंवा पैसे यायचे असतील कुठून तरी.
लोकांच्या गाठोड्याची गाठ
त्यांनी सोडल्याशिवाय आपण सोडू नये.
विचारलं नाही.

अर्ध्या वाटेवर दोन छोटे लामा भेटले,
नदीकडे निघालेले,
पाठीवर पिवळे डबे,
एकाच्या बुटाला लेसच्या जागी सुतळी.
'जुले, आचे!'
किती खेपा रोज?
चार, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, पाच,
पण पाचवीत थोडं सांडतं.
मी मनात गुणाकार केला,
आणि थुबतानांसाठी एक शिवी तयार केली.
पुढे मणी-भिंत लागली.
ती उजव्या हाताला ठेवून गेले,
शिवी गालात ठेवून.

वर चहा. मीठ जास्त, लोणी त्याहून जास्त.
दुसरा पेला नको म्हणायच्या आत भरलेला.

पंपाची पेटी सौर पाट्यांच्या मागे, कपारीत.
चार स्क्रू. झाकण काढलं.
वायरी कुरतडलेल्या, तांबं उघडं,
आणि मधोमध एक वाटी,
लोकरीची, तांबड्या धाग्यांची,
माझ्या मुठीएवढी. रिकामी.
बोट घातलं.
अजून ऊब होती, की उन्हाने तापली होती,
कळलं नाही.

'सहा होती,' थुबतान मागून म्हणाले.
'डोळे उघडायलाच दोन आठवडे लागतात.
काल रात्री शेवटचं गेलं.'
आणि मग, जरा रागाने,
'शाल माझी आहे. ती लोकर.'

आणि ती पोरं? मी म्हटलं.
नदीपर्यंत? रोज? उंदरासाठी?

ते वाकून वाटीत पाहत होते.
'त्यांनीच शोधलं ना.
मी म्हणालो होतो, काढून टाका,
दिस्कितला बोलवा.
ती दोघं डबे घेऊन निघूनच गेली.'

शिवीचं काय करायचं सुचेना.
गिळली. चहाने गेली.

दोन तास लागले.
नळ आधी खोकला, मग गंज,
मग पाणी, इतकं गार की दात दुखावेत.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
सुतळीवाल्याने डबा उपडा ठेवला
आणि त्यावर बसला.
नोर्फेलने पेटीच्या भोकाला जाळी मारली.
वाटी फेकायला उचलली,
इकडे तिकडे पाहिलं,
आणि कपारीत आणखी आत सरकवून ठेवली.
मी वायरचे तुकडे गोळा करत होते.
मला काही दिसलं नाही.

उतरताना गुडघ्याने बोलायचं ते बोलून घेतलं.
पुलापाशी दगडावर बसून फॉर्म भरला.
नवा कंट्रोलर: एक. वायर: अकरा मीटर.
बिघाडाचं कारण: हवामान, सदोष भाग, निष्काळजीपणा,
यांपैकी एकाखाली रेघ मारावी.
निष्काळजीपणाखाली मारली.
मग पेन तिथेच थांबलं.
पुढचं 'निष्' खोडलं,
मागचा 'पणा' खोडला,
जे उरलं ते तसंच राहू दिलं.

ऑफिसात हिशेबनीस विचारील, हे काय आहे,
आणि पैसे अडकवील महिनाभर.
जीप यायला अजून वेळ होता.
नोर्फेल नदीवर हात धूत होता.
मी बूट काढला,
आत एक खडा होता, केव्हापासून कोण जाणे.